काढलेला माल मालकाच्या हाती

चिंचपोकळी,
रविवार सकाळ

प्रिय मेघना,

पत्र बघून आधी हसशील आणि मग घाबरशील, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो, इथे सगळे ठणठणीत आहेत. तुझी आई गिरगावात बसून मला फोनवर झापते आहे, म्हणजे तिची तब्येत उत्तम. मामीचा गुडघा दुखतो, पण मासळीबाजारात जाताना दुखत नाही. मी गॅरेजच्या टेबलावर ग्रीसचा डाग नसलेला एक कोपरा शोधून लिहायला बसलोय. फोन का नाही केलास, असं विचारशील. फोनवर मी नुसती बडबड करतो आणि मुद्द्याचं राहून जातं, असं मामीचं म्हणणं. ते खरंही आहे. शिवाय गेले आठ महिने तू माझा फोन उचलतेस तो ‘मामा, मीटिंगमध्ये आहे’ एवढं सांगायलाच. बंगळूरला एवढ्या मीटिंगा होतात तर काम कधी होतं, देव जाणे. पत्रासोबत एक छोटा डबा आहे. तो पत्र वाचून संपल्यावरच उघड. चकलीच्या डब्याबाबतचा तुझा इतिहास बघता हे सांगण्यात अर्थ नाही, तरी सांगतो.

विषय अर्थातच मिरचीचा. मार्चमध्ये जाताना तू माझ्या हातात चावी ठेवलीस आणि म्हणालीस, “मामा, विकून टाक. मला आता चालवायची नाही.” तीन वर्षं पगारातून पैसे बाजूला टाकून घेतलेली ती लाल सेकंडहँड टर्बो गाडी. पहिल्याच दिवशी तिचं नाव मिरची ठेवणारी तूच, आणि चाळीत पेढे वाटणारीही तूच. ती विकायला मी ‘बरं’ म्हणालो आणि आठ महिने विकली नाही. आधी म्हटलं, पावसाळ्यात गाडीला भाव येत नाही. मग गणपती आले, लालबागच्या माणसाला त्या दिवसांत गाडी विकायला सांगणं म्हणजे पाप. पुढे पितृपक्ष, मग दिवाळी. दिवाळी झाल्यावर कारणंच संपली. तुझा मेसेज आला, ‘विकलीस का?’ आणि मी वरळीच्या हितेंद्रला बोलावलं.

हितेंद्र चांगला मुलगा आहे, गाडीचं वेड असलेला. त्याने मिरची पुलाच्या चढावर नेली, तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, आणि इंजिन नुसतं ओरडलं, गाडी काही पुढे जाईना. क्लच सरकतोय हे मला माहीत होतंच, फेब्रुवारीपासून. तो म्हणाला, “काका, गाडी मला पाहिजेच. पण क्लच करून द्या, आणि नुसता साधा नको, टर्बोचा जोर झेलणारा टाका.” मी तुला कळवलं. तुझं उत्तर एका ओळीचं, ‘जेवढ्यात होईल तेवढ्यात कर आणि देऊन टाक.’ सोबत आकडाही पाठवलास. तो आकडा वाचून मला हसू आलं. त्यात परदेशी रेसिंग क्लचचा निम्मा भागसुद्धा आला नसता. माझी भाची असूनही तुझे हिशेब तुझ्या आईवर गेलेत.

पण खरं सांगतो, त्या एका ओळीने मला जरा कुठेतरी लागलं. तुला गाडी शिकवली ते कॉटन ग्रीनच्या गोदामांच्या रस्त्यावर, रविवारी सकाळी, ट्रक नसायचे तेव्हा. तू अठराची. हँडब्रेक न लावता चढावर गाडी उचलायची तर क्लच कुठे पकडतो ते पायाला कळलं पाहिजे, म्हणून मी तुला पुलावर घेऊन गेलो आणि मागच्या चाकाला टेकवून माझी नवी कोल्हापुरी चप्पल ठेवली. गाडी इंचभर मागे आली की चप्पल गेली. तू घाबरून म्हणालीस, “मामा, जुनी ठेव ना.” मी म्हटलं, जुनी ठेवली तर तुला काळजी वाटणार नाही. त्या दिवशी तू अकरा वेळा गाडी उचललीस. मागून टॅक्सीवाले हॉर्न वाजवत होते, एक जण उतरून मला काही तरी चांगलंचुंगलं बोलूनही गेला. चप्पल अकराही वेळा शाबूत राहिली. ती अजून माझ्याकडे आहे. टाच झिजली ती माझ्या चालण्याने, तुझ्या चाकाने नाही.

असो. क्लचचं सांगतो, कारण ते काम मी जिवावर उदार होऊन केलंय आणि इथे कौतुक करणारं कोणी नाही. परदेशी किट बाद, ते तुझ्या आकड्याने ठरवून टाकलं. दुसरा पर्याय होता सहा पाकळ्यांच्या तांब्याच्या प्लेटचा. स्वस्त मिळतो, पकडतो घट्ट, पण तो एक तर पकडतो नाहीतर सोडतो, मधलं काही नाही. त्यावर शर्यत होईल, पण परळच्या सिग्नलला गाडी बेडकासारखी उडेल. मग मी चार दिवस बाजार फिरलो, जुनी कॅटलॉगं काढली, आणि सापडलं ते असं की त्याच कंपनीच्या डिझेल मॉडेलची प्लेट आणि प्रेशर प्लेट तुझ्या इंजिनाच्या चकतीवर, म्हणजे फ्लायव्हीलवर, बसते. डिझेल इंजिनाची ओढ जास्त, म्हणून त्या प्लेटची पकड जास्त, दात तेच, माप तेच. कंपनीचा नवाकोरा माल, आणि किंमत तुझ्या आकड्याच्या आत. सापडल्यावर मी दुकानातच टाळी वाजवली. दुकानदाराला वाटलं, याला लॉटरी लागली.

मग मंगळवारी गिअरबॉक्स उतरवला. तुला आमचा नियम माहीत आहे, तू शाळेत असल्यापासून बघत आलीस. गाडीतून जो पार्ट निघेल तो पुसून, फडक्यात बांधून मालकाच्या हातात द्यायचा. भंगारात टाकायचा की घरी देव्हाऱ्यात ठेवायचा, ते त्याने ठरवावं. तीस वर्षांत हा नियम मी मोडलेला नाही, म्हणून तर लोक गाडी माझ्याकडे ठेवून निवांत जातात. तर मंगळवारी जुनी प्लेट निघाली. मी ती फडक्यावर ठेवली, स्टुलावर बसलो आणि दोन चहा प्यायलो. प्लेटचं पुढे लिहितो. आधी तात्याचं ऐक.

तात्या म्हणजे आपल्या गल्लीच्या तोंडाशी लेथ चालवतो तो, मालवणकडचा. गिरणीत फिटर होता, गिरणी बंद पडली तरी कानाने मशीन ऐकायची सवय सुटली नाही. नवी प्लेट बसवायची तर फ्लायव्हीलचा पृष्ठभाग साफ, सपाट हवा, म्हणून मी ते त्याच्याकडे नेलं. त्याने बोट फिरवलं, वास घेतला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “आनंदा, ह्यां तेल खंयसून इलां रे?” मी म्हटलं, उतरवताना सांडलं असेल. तात्याने लेथ चालू केला आणि केसाएवढा थर काढून आरशासारखं लख्ख करून दिलं. पैसे देताना मात्र म्हणाला, “चेडवाची गाडी मां ती?” मी म्हटलं, हो, भाचीचीच. “मगे नीट कर,” म्हणाला, आणि पैसे घेतले नाहीत. म्हातारा फुकट काम करतो तेव्हा फार महाग पडतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग नीट केलं. गुरुवार पूर्ण आणि शुक्रवार अर्धा. नवं रिलीज बेअरिंग, फोर्कला नखाएवढंच ग्रीस, जास्त लावलं तर प्लेटवर उडतं. प्लेट बरोबर मध्यावर बसवायला कंपनीचं हत्यार मिळतं, माझ्याकडे एका भंगार गिअरबॉक्सचा शाफ्ट आहे, तोच घातला. बोल्ट एकदम आवळले नाहीत, समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले. गिअरबॉक्स वर चढवताना कंबर म्हणाली, आनंदा, चोपन्नचा झालास रे. स्टार्ट केली, पेडल दाबलं. पहिल्यापेक्षा किंचित जड आहे, पण पकड कुठे सुरू होते ते पायाला स्वच्छ कळतं. गॅरेजच्या दारापासून आतल्या भिंतीपर्यंत पुढे-मागे घेतली, बस्स. रस्त्यावर नेली नाही. मामी जेवायचा डबा घेऊन आली होती. माझा चेहरा बघून म्हणाली, “झाली ना चांगली? मग असं काय बघताय तिच्याकडे?”

हितेंद्र काल आला होता. पैसे घेऊन आला होता. मी त्याला सांगितलं, मालकाला विचारल्याशिवाय देता येत नाही. तो म्हणाला, “काका, मालकानेच तर सांगितलंय ना विकायला?” त्याचं बरोबर होतं. मी म्हटलं, मालकाला अजून सगळं माहीत नाही. बिचारा पंधरा दिवस थांबायला तयार झाला.

आता त्या दिवसाचा विषय काढतो, जो आपण दोघांनी आठ महिने काढला नाही. फेब्रुवारी, पनवेलच्या पुढचं ते मैदान, नारिंगी कोन मांडलेले, एकेक गाडी सोडून वेळ मोजत होते. तेवीस गाड्या, आणि पहिल्या फेरीत तू तिसरी. मी कोपऱ्यावर उभा होतो. दुसऱ्या वळणावर तू मिरची अशी फिरवलीस की माझ्या शेजारचा माणूस शिट्टी मारून विचारायला लागला, कोणाची पोरगी. मी छाती काढून सांगितलं, माझी भाची. मग दुसरी फेरी, आणि निम्म्यावरच इंजिन ओरडायला लागलं, गाडी सरकेना, धूर. तू कशीबशी बाजूला घेतलीस. तुमच्या शर्यतीच्या क्लबचा तो पोरगा, संघर्ष, धावत आला, त्याच्यामागे वीसेक जण. “काका, काय झालं?” त्याने विचारलं. आणि मी, सगळ्यांच्या देखत, हसत म्हणालो, “पोरीने हाफ-क्लचवर जाळला, दुसरं काय!” लोक हसले. कोणीतरी माईकवर बोललं. संध्याकाळपर्यंत क्लबच्या ग्रुपवर तुझं नाव ‘हाफ-क्लच’ पडलं होतं. तू हेल्मेट काढलंस आणि टेम्पो शोधायला निघालीस. येताना मिरची टेम्पोवर चढवून आपण दोघं पुढे बसलो होतो. वाशीचा पूल आला तेव्हा तू एकदाच विचारलंस, “मामा, खरंच माझ्यामुळे?” मी म्हणालो, “शिकशील हळूहळू.” महिन्याभरात तू नोकरी बदललीस, गावही बदललंस.

मेघना, आता प्लेटचं. चालवणाऱ्याने पेडल अर्धवट दाबून ठेवल्याने क्लच जळतो तेव्हा प्लेट रिव्हेटपर्यंत झिजते आणि फ्लायव्हीलवर निळे डाग पडतात. तुझी प्लेट झिजलेली होती, आधीच्या मालकाने ती निम्मी खाल्ली होती, पण निम्मा थर शिल्लक होता. निळा डाग एकही नाही. ती तेलाने भिजून काळी झाली होती. तेल आलं कुठून, हे तात्याला विचारायची गरज होती, मला नव्हती. इंजिनच्या मागच्या टोकाला रबराचं एक गोल सील असतं, ते आतलं तेल अडवून धरतं. शर्यतीच्या चार दिवस आधी दुसऱ्या गिअरच्या कामासाठी मी गिअरबॉक्स उतरवला होता, आठवतं? तेव्हा ते सील मला ओलसर दिसलं होतं. नवं यायला सहा दिवस लागणार होते. तुझी शर्यत बुडली असती. आणि दुसरंही एक कारण होतं, लाज वाटते पण लिहितो. मी तुला कामाचा आकडा सांगून बसलो होतो, आणि मामा सांगितलेल्या आकड्यातच करतो, ही माझी मिजास. मी फडक्याने ते सील पुसलं, म्हटलं एवढी एक शर्यत निघून जाईल, आणि तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू ठरवलं असतंस, धावायचं की थांबायचं. गाडी तुझी होती. मैदानावर धूर निघाला तेव्हा त्यात तेल जळल्याचा वास होता. तीस वर्षं हेच हुंगतोय. मला अर्धं तिथेच कळलं होतं. पण वीस माणसं बघत होती, आणि माझ्या तोंडून तुझं नाव निघालं. उरलेलं अर्धं कळू नये म्हणून मी आठ महिने गिअरबॉक्स उतरवला नाही. ज्या पायाने अकरा वेळा माझी चप्पल वाचवली, त्या पायावर मी आळ घातला. मला माफ कर, असं लिहून भागणार नाही हे मला कळतं, तरी लिहितो. माफ कर गं.

हे पत्र त्या नियमासाठी लिहिलंय. गाडीतून निघालेला पार्ट मालकाच्या हातात गेला पाहिजे, आणि मालक तू आहेस. डब्यात ते जुनं सील आहे. आतल्या कडेवरून बोट फिरव, रबर कडक झालेलं लागेल, एका जागी चीर आहे. नवं सील मी घातलं, न विचारता, आणि या वेळी आकड्यात बसतं का ते बघितलं नाही. काल संध्याकाळी क्लबची मंडळी वरळीला समुद्रावर जमतात तिथे गेलो होतो, जुनी प्लेट घेऊन. संघर्ष आणि सगळ्यांच्या हातात ती दिली आणि काय झालं ते सांगितलं. कोणी हसलं नाही. संघर्षने तिथल्या तिथे ग्रुपवर तुझं नाव दुरुस्त केलं आणि जानेवारीच्या फेरीचा फॉर्म माझ्या हातात दिला. मी तो भरलेला नाही. तुझी सही तुझीच. गाडी विकायची असेल तर एक ओळ पाठव, हितेंद्र थांबलाय आणि तो तिला जपेल, मी कुरकुरणार नाही. पण नसेल विकायची, तर नवा क्लच पहिले पाचशे किलोमीटर सांभाळून, सिग्नल-सिग्नलवर चालवून बसवावा लागतो, आणि जो पुढे जोरात चालवणार त्याच्याच पायाने तो बसलेला बरा. म्हणून मी तिला गॅरेजच्या बाहेर काढलेली नाही. नाताळच्या सुट्टीत ये. रविवारी सकाळी कॉटन ग्रीनहून सुरू करू, मग पुलावर. चप्पल मी घेऊन येतो.

तुझाच,
आनंदामामा